रिकाम्या पेल्याचा स्वर आधी ऐका

बारा एकसारखे ग्लास आणायचे, प्रत्येकात कमीजास्त पाणी ओतायचे आणि ओल्या बोटाने कडा घासत सप्तक वाजवायचे, ही कृती बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ती छान दिसते. पण त्यावर भूपातली एखादी साधी बंदिश धरायला गेले की पंचाईत होते. वरचे स्वर खणखणीत लागतात, खालचे गुदमरतात. एक ग्लास बोट टेकताच बोलतो, तर शेजारच्यावर चार फेऱ्या मारल्या तरी त्याला जाग येत नाही. पंख्याखाली तासाभराने पाहावे तर लावलेले स्वर जागचे हललेले असतात. यात वाजवणाऱ्याचा दोष नसतो. वाद्य पाण्याने घडवायला घेतले, तिथेच घोटाळा झालेला असतो. ग्लासांचे हे वाद्य, म्हणजे ग्लास हार्प, घडते ती ग्लासांच्या निवडीतून आणि थोड्याशा घासकामातून. पाण्याने फक्त शेवटची कसर भरून काढायची.

या वाद्याचा इतिहासही याच दिशेने गेला आहे. आयर्लंडच्या रिचर्ड पॉकरिचने १७४० च्या दशकात पाण्याने जुळवलेल्या ग्लासांवर जाहीर कार्यक्रम केले. १७४६ साली लंडनमध्ये ग्लुक या संगीतकाराने झऱ्याच्या पाण्याने जुळवलेले २६ ग्लास वाजवले. १७६१ मध्ये अ‍ॅन फोर्ड या वादिकेने ते वाजवायला शिकवणारी पुस्तिका छापली. त्याच सुमाराला बेंजामिन फ्रँकलिनने एडवर्ड डेलावाल याचे ग्लास ऐकले. त्या स्वराने तो भारावून गेला आणि त्याने पाणीच काढून टाकण्याचा विचार केला. काचेच्या अर्धगोल वाट्या फुंकून घ्यायच्या, प्रत्येक वाटी घासून नेमक्या स्वरावर आणायची आणि सगळ्या एका लोखंडी दांड्यात ओवून पायाने फिरवायच्या, असे त्याचे आर्मोनिका हे वाद्य. त्यात ३७ वाट्या होत्या, म्हणजे सगळ्या अर्धस्वरांसह तीन सप्तके. मोझार्टने १७९१ मध्ये मारियान किर्शगेसनर या अंध वादिकेसाठी याच वाद्यासाठी रचना केली. विसाव्या शतकात जर्मनीच्या ब्रुनो हॉफमानने पुन्हा उभ्या ग्लासांचे वाद्य मैफलीत आणले. घरी बनवायला तेच सोपे. फ्रँकलिनचा दांडा आणि पायाचे चाक आपल्याला नको, पण स्वर काचेतच असला पाहिजे हा त्याचा आग्रह मात्र घ्यायचा.

आपल्याकडचे जलतरंगही हेच सांगते. पुण्याच्या मिलिंद तुळाणकरांसारख्या वादकांपुढे मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांकडे नीट पाहा. मोठ्यापासून लहानापर्यंत ती उतरत्या आकारांची असतात. स्वराचा मोठा हिस्सा भांड्याच्या आकारातून येतो, पाणी तो नेमका करते. शिवाय जलतरंगाचा नाद काडीच्या आघातानंतर लवकर विरतो, त्यामुळे दोन भांड्यांच्या जातीतला बारीक फरक झाकला जातो. घासून वाजवलेल्या ग्लासाचा नाद बोट फिरेल तितका वेळ चालतो. त्यात काहीच झाकले जात नाही.

आता थोडे कारण समजून घेऊ, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. ओले बोट कडेवरून फिरते तेव्हा ते सलग सरकत नाही. क्षणभर चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो. या चिकटण्या-सुटण्याने पेल्याची कड थरथरते. तिचा गोल एकदा एका दिशेने लांबट होतो, मग तिच्याशी काटकोनात असलेल्या दिशेने. कडेवर चार जागा सर्वात जास्त हलतात आणि त्यांच्या मधल्या चार जागा जवळजवळ हलत नाहीत. हालचाल कडेला सर्वात मोठी असते, तळाकडे जाताना ती कमी होत जाते आणि देठापाशी नगण्य होते. देठाच्या ग्लासाची बैठक घट्ट बसवली तरी आवाज मरत नाही आणि वाटीला नुसती शर्टाची बाही लागली तरी मरतो, त्याचे कारण हेच.

स्वराची उंची मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. काच जितकी जाड तितका स्वर चढा. पेला जितका रुंद तितका स्वर उतरता, आणि हा परिणाम त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात होतो. एकाच घाटाच्या दोन ग्लासांत भिंतीच्या जाडीचा फरक दहा टक्के असला, तर स्वरात दीड अर्धस्वराहून जास्त अंतर पडते. रुंदीत दहा टक्के फरक असला तर तीन अर्धस्वरांहून जास्त. म्हणजे एकाच खोक्यातले, डोळ्यांना अगदी जुळे दिसणारे सहा ग्लास सहा वेगळे स्वर देऊ शकतात. जेवणाच्या टेबलावर याने काही बिघडत नाही आणि आपल्या तर हे पथ्यावरच पडते.

पाणी काय करते? हलणाऱ्या भिंतीला ते वजन लावते, त्यामुळे कंपने मंदावतात आणि स्वर उतरतो. पण तळाशी भिंत फारशी हलतच नाही, म्हणून तिथले पाणी जवळजवळ निरुपयोगी. उभ्या भिंतीच्या पेल्यात हा परिणाम पाण्याच्या उंचीच्या साधारण चौथ्या घाताने वाढतो. उंची दुप्पट केली की भार सोळापट जाणवतो. म्हणून पहिल्या अर्ध्या पेल्यापर्यंत स्वर जेमतेम हलतो आणि वरच्या भागात चमचाभर पाण्यानेही तो भराभर घसरतो. काठोकाठ भरलेला ग्लास जुळवायला अवघड आणि जुळलेला टिकवायला त्याहून अवघड, कारण वाफ होऊन गेलेले थोडेसे पाणीही तिथे लगेच ऐकू येते. त्यात भर म्हणजे वजनाने नाद बोथट होतो. माझा नियम सरळ आहे: पाणी अर्ध्या पेल्याच्या वर जाता कामा नये आणि त्याने एक, फार तर दीड अर्धस्वराचे काम करावे. त्याहून जास्त उतरवावे लागत असेल तर तो ग्लास त्या जागेसाठी नाही. दुसरा शोधा.

तेव्हा खरी मेहनत दुकानात करायची आहे. काचसामानाच्या घाऊक दुकानात गर्दी नसलेल्या वेळी जा. मालकाला काय करणार आहात ते आधीच सांगा. फोनमध्ये ट्यूनर, खिशात मागे रबर असलेली पेन्सिल, एक वही आणि छोटी ओली स्पंजाची डबी एवढी तयारी पुरते. हवेत ते देठाचे वाइन ग्लास: पातळ काचेचे, कडेला काचेची गोळी किंवा जाड वळी नसलेले, वाटीवर नक्षी किंवा खाचा नसलेले. कटिंग चहाचे जाड, पैलू पाडलेले ग्लास कितीही आवडते असले तरी इथे उपयोगाचे नाहीत. बोटाच्या घर्षणाला ते दादच देत नाहीत. साधे सपाट तळाचे पातळ ग्लास बोलतात, पण त्यांचा जड तळ टेबलावर टेकलेला असतो आणि त्यांना धरून ठेवायची सोय करणे कटकटीचे होते.

ग्लास देठाच्या बुडाशी धरून कडेजवळ रबराने हलकेच टिचकी द्या. नाद लांबला तर पुढे जा, ठण् होऊन संपला तर खाली ठेवा. मग कडेवर वेगवेगळ्या ठिकाणी टिचक्या देत जा. एका जागी एक स्वर आणि घड्याळाच्या दीड तासाइतके अंतर सरकून, म्हणजे पंचेचाळीस अंशांवर, किंचित वेगळा स्वर लागला, तर काच एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ आहे. असा ग्लास घासून वाजवताना कायम डोलतो आणि कुठल्याही उपायाने सुधारत नाही. ही परीक्षा फार कमी लोक करतात, आणि पुढचा निम्मा मनस्ताप इथेच टळू शकतो. शेवटी बोट ओले करून एक फेरी मारा. टिचकीचा आणि घासण्याचा स्वर जवळपास एकच असतो, घासताना बोटाच्या भारामुळे तो केसभर खाली येतो. वहीत टिपायचा तो घासलेला स्वर, टिचकीचा नव्हे.

क्रिस्टल म्हणून विकल्या जाणाऱ्या काचेत बऱ्याचदा शिसे असते. तिचा नाद लांब आणि गोड असतो आणि वाजवायला ती उत्तम. पण ती घरी घासू नका. तिची भुकटी शिशाची भुकटी आहे. घासकाम करायचे असेल तर साधी, शिसेविरहित काच घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस काचेची वाद्ये वाजवणाऱ्यांची मने बिघडतात अशी अफवा युरोपभर पसरली होती आणि तिचे खापर पुढे शिशावरही फोडले गेले. त्याला पुरावा मिळालेला नाही. सावधगिरी घासकामात बाळगायची आहे, वाजवण्यात नाही.

वाद्याची पट्टी आधी ठरवू नका. काळी एक किंवा पांढरी चार असे मनाशी धरून दुकानात गेलात तर मनासारखा षड्ज मिळेपर्यंत दमून जाल. गाणारा आपली पट्टी गळ्यावरून ठरवतो, तशी या वाद्याची पट्टी सगळ्यात मोठ्या चांगल्या ग्लासावरून ठरते. तो रिकामा जो स्वर देतो, त्याच्या अर्धा स्वर खाली त्याला मंद्र पंचम म्हणून बसवता येईल. तिथून वर हिशोब मांडायचा. पहिला संच आठ ग्लासांचा पुरे: मंद्र पंचम, मंद्र धैवत, मग सा रे ग प ध आणि तार षड्ज. एवढ्यात भूप मोकळेपणाने वाजतो. मध्यम आणि निषाद नसल्याने दोन ग्लास शोधायचा त्रासही वाचतो. सुरुवातीलाच बारा अर्धस्वर गोळा करायला निघालेल्यांचे संच बहुधा अर्धवट राहतात.

निवडताना एक गोष्ट पक्की धरा. रिकाम्या ग्लासाचा स्वर हव्या असलेल्या स्वरापेक्षा थोडा चढा असला पाहिजे, कारण पाणी स्वर फक्त उतरवते. नेमका जुळलेला ग्लास मिळाला तर नशीब. उतरलेला ग्लास पाण्याने कधीच वर चढणार नाही, त्याला कड घासावी लागेल.

कड घासली की हलणाऱ्या भागातली सर्वात जास्त हलणारी काच कमी होते आणि स्वर चढतो. भिंत बाहेरून घासून पातळ केली की स्वर उतरतो. फ्रँकलिनच्या वाट्या देठाकडे घासून उतरवल्या जात, आणि चुकून जास्त उतरल्या तर कड घासून पुन्हा चढवाव्या लागत. आपल्याकडे उतरवायला पाणी आहे, म्हणून भिंतीला हातच लावायचा नाही. चढवायचे असेल तर कड, उतरवायचे असेल तर पाणी. एवढी दोनच अवजारे पुरतात.

घासकामासाठी जाड सपाट काचेचा तुकडा टेबलावर ठेवा, त्यावर पाण्यात भिजवून वापरायचा काळा पॉलिश पेपर पसरा आणि त्यावर पाणी ओता. सुरुवात २२० नंबरने करा. ग्लास उपडा धरून, वाटीला दोन्ही हातांनी आधार देऊन, इंग्रजी आठाच्या आकारात अगदी हलक्या हाताने फिरवा. दाब दिला तर कडेच्या ढपल्या निघतात आणि अशा ढपलीपासून पुढे तडा जातो. थोड्या फेऱ्या झाल्या की धुवा, कोरडा पुसा, वाजवून ट्यूनरवर पाहा. ओल्या ग्लासाचा स्वर कोरड्यापेक्षा किंचित खाली ऐकू येतो, म्हणून फ्रँकलिनने प्रत्येक वेळी पुसून तपासायला सांगितले होते; त्याची ती सूचना आजही तंतोतंत पाळावी. हवा तो स्वर यायच्या थोडे आधी थांबा, कारण पुढे कड गुळगुळीत करताना तो आणखी थोडा चढेल. मग ४००, ६००, १००० असे बारीक कागद लावा आणि कडेच्या आतल्या व बाहेरच्या धारा तिरपा कागद धरून मोडा. हे टाळू नका. धारदार कडेवर बोट कापते, आणि न कापले तरी खरखरीत कडेतून खरखरीत स्वर येतो.

सारे काम ओल्यातच करायचे. कोरडी घासलेली काच हवेत उडते आणि फुप्फुसात जाते. मास्क आणि चष्मा लावा. खाली साचलेला पांढरा चिखल मोरीत न सोडता जुन्या वर्तमानपत्रात गोळा करून कचऱ्यात टाका. तडा दिसणारा ग्लास कितीही सुरात असला तरी बाजूला काढा, तो कधी ना कधी बोटाखाली फुटणार. मुले मदतीला असतील तर त्यांना स्वर ऐकण्याचे आणि वहीत टिपण्याचे काम द्या, घासण्याचे नको.

फळी सुताराकडून करून घेतलीत तर बरे. अठरा मिलिमीटरचा प्लायवूड पुरेसा जड असतो, त्याखाली चार रबरी पाय लावले की टेबलाची खडखड वर येत नाही. ग्लास दोन ओळींत, मागची ओळ पुढच्या ओळीच्या फटींत येईल अशी मांडा. खालचे स्वर डावीकडे आणि वरचे उजवीकडे ठेवले की हार्मोनियमची सवय असलेल्या हाताला वेगळे काही शिकावे लागत नाही. दोन वाट्यांमध्ये बोट सहज फिरेल एवढी मोकळी जागा सोडा. वाट्या एकमेकींना लागल्या तर दोन्ही मुक्या होतात आणि खणखणाट होतो तो वेगळाच.

आणखी एक बाब पाहण्यात फारशी येत नाही, पण वाजवण्यात तिने मोठा फरक पडतो: सगळ्या कडा एका पातळीत आणा. मोठा ग्लास उंच आणि छोटा बुटका असतो. छोट्यांखाली लाकडाचे ठोकळे ठेवून कडा समतल केल्या की हात आडवा सरकत राहतो. तसे नसेल तर प्रत्येक स्वराला मनगट वरखाली होते आणि लय तुटते. बैठकी सिलिकॉन सीलंटने चिकटवतात. ते पूर्ण सुकायला एक दिवस द्या. पण पहिले काही आठवडे ग्लास बदलत राहतील, तेव्हा आधी बैठकीच्या कडेवर रबरी वॉशर आणि स्क्रू लावून दाबून ठेवा. स्क्रू आवळताना काचेला थेट धातू लागू देऊ नका. संच पक्का झाला की मग सीलंट.

आता लावण्याचे काम. ग्लास, पाणी आणि खोली एकाच तापमानाला येऊ द्या. फ्रिजमधले पाणी ओतून लावलेला स्वर थोड्या वेळाने वेगळाच लागतो. पाणी गाळलेले किंवा आरओचे घ्या, बोअरचे जड पाणी सुकल्यावर पांढरे वळ सोडते. आधी षड्ज लावा आणि तो ट्यूनरवर अगदी नेमका आणा. पाणी घालायला सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज उत्तम, कारण तिनेच ते काढताही येते. शेवटचे थेंब ड्रॉपरने.

बाकीचे स्वर लावताना ट्यूनरचा काटा मधोमध आणू नका. तो पेटीचे, म्हणजे बारा सारख्या भागांत वाटलेले सप्तक दाखवतो आणि एका अर्धस्वराचे शंभर सेंट मोजतो. लांब टिकणाऱ्या काचेच्या नादात पेटीचा गंधार टोचतो. षड्ज नेमका शून्यावर असेल तर रिषभ ४ सेंट वर, गंधार १४ सेंट खाली, पंचम २ सेंट वर आणि धैवत १६ सेंट खाली ठेवा. पुढे मध्यम आणि निषाद जोडाल तेव्हा मध्यम २ सेंट खाली आणि निषाद १२ सेंट खाली. हे आकडे सुरुवातीच्या आधारासाठी आहेत. शेवटचा निर्णय तानपुऱ्यावर घ्या: तानपुरा सुरू ठेवून एकेक ग्लास वाजवा आणि तो नादात विरघळतो का ते ऐका. धैवताच्या बाबतीत वेगवेगळ्या कानांना वेगवेगळी जागा आवडते, तिथे ट्यूनर बंदच ठेवावा.

इथे एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. घासलेल्या ग्लासाचा नाद लाटेसारखा कमीजास्त होतो. ही लाट दोन कारणांनी येते. बोट फिरते तसे कडेवरच्या हलणाऱ्या चार जागाही त्याच्याबरोबर फिरतात, त्यामुळे एका जागी बसलेल्या कानाला आवाज वाढताना आणि घटताना ऐकू येतो. दुसरीकडे, ग्लास तानपुऱ्याशी किंवा दुसऱ्या ग्लासाशी बेसूर असेल तरीही हेलकावे येतात. पहिल्यांदा वाद्य लावणारे हे हेलकावे ऐकून पाणी घालत-काढत बसतात आणि चांगला लागलेला ग्लास बिघडवतात. ओळखायची खूण सोपी आहे. बोटाचा वेग बदला. हेलकाव्यांचा वेगही बदलला तर ते बोटाचे आहेत, दुर्लक्ष करा. वेग बदलूनही हेलकावे तेवढेच राहिले तर पाण्याकडे बघा.

जुळलेल्या प्रत्येक ग्लासावर बाहेरून पाण्याच्या पातळीला बारीक रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी रेघेपर्यंत पाणी भरले की काम जवळपास झालेले असते. अर्ध्या पेल्याच्या आतला स्वर एका बैठकीत फारसा चढत नाही. तरी दोन-दोन तासांच्या कार्यक्रमात मध्यंतरात एकदा तपासावे, विशेषतः एसी किंवा पंख्याच्या झोतात बसला असाल तर.

ग्लास बोलतच नाही, अशी तक्रार बहुतेक वेळा बोटाची असते. तेलाचा एक कणही चालत नाही. फोडणी करून, केसांना खोबरेल लावून किंवा हातांना क्रीम चोळून वाद्यापाशी बसू नका. हात साबणाने धुवा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत पाण्याखाली धरा. फ्रँकलिनने तर धुतलेल्या हातांखेरीज कुणालाही काचेला हात लावू देऊ नका असे लिहून ठेवले होते आणि बोटे भिजवायला झऱ्याच्या जड पाण्याऐवजी पावसाचे पाणी सुचवले होते. आपल्याकडे पावसाळ्यात छताखाली नव्हे, मोकळ्यावर पातेले ठेवले की हे पाणी आयते मिळते. बाटल्या भरून ठेवाव्यात. बोट घसरत असेल तर अगदी बारीक खडूची भुकटी टोकाला लावा. ग्लासाच्या कडा कार्यक्रमाआधी पांढऱ्या व्हिनेगरने पुसून साध्या पाण्याने धुवा.

बोटाचे टोक नव्हे, पहिल्या पेराचा मऊ भाग कडेवर टेकवा. दाब कमी ठेवा. स्वर येत नाही म्हणून दाबणे ही सर्वांची पहिली प्रवृत्ती असते आणि त्याने तो आणखी दूर जातो. वेग थोडा कमी केला की बहुधा येतो. मोठे ग्लास सावकाश जागे होतात, म्हणून मंद्र स्वरावर जायचे असेल तर बोट जरा आधी टेकवा. या वाद्यावर मींड नाही. जलदगतीच्या ताना त्याला शोभत नाहीत आणि त्या काढायचा हट्टही करू नये. विलंबित लयीतले न्यासाचे स्वर, दोन हातांनी एकाच वेळी धरलेले षड्ज-पंचम, एक स्वर विरत असताना दुसऱ्याचा उगम, ही त्याची खरी श्रीमंती आहे. साथीला तबला घेतलात तर हलक्या हाताचा घ्या. मोठ्या सभागृहात कडांच्या वर छोटा मायक्रोफोन लावावा; फळीला चिकटवलेला मायक्रोफोन बोटांची घरघरच जास्त पकडतो.

ने-आण करताना पाणी काढून ग्लास पुसून कोरडे करा आणि प्रत्येक वाटीत मऊ कापड भरा. जिथे कार्यक्रम आहे तिथल्या हवेत वाद्य किमान तासभर उघडे राहू द्या, मग पाणी भरा. आणि ज्या ग्लासांवर सर्वात जास्त काम पडते, म्हणजे षड्ज, गंधार आणि पंचम, त्यांचे त्याच खोक्यातले एकेक जोडीदार पहिल्याच खरेदीत घेऊन ठेवा, त्यांचे स्वर वहीत टिपा आणि वेगळ्या डब्यात जपा. पुढच्या वर्षी त्याच घाटाचा, त्याच जाडीचा ग्लास त्या दुकानात मिळेलच असे नाही.